आरपीएसचं डिस्टिंक्शन: दहा चांगले फोटो आणि एक चांगलं पॅनेल यांतला फरक

ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी 1853 ची. डिस्टिंक्शन म्हणजे तिची पदवी, नावापुढे लावायची अक्षरं. पायऱ्या तीन: एलआरपीएस (लायसेन्शिएट, पहिली), एआरपीएस (असोसिएट) आणि एफआरपीएस (फेलो, सर्वांत वरची). ही सोय तिने पुढे केली, एलआरपीएसची पायरी 1972 मध्ये आली. संस्थापकांपैकी रॉजर फेंटन 1855 मध्ये क्रिमियाच्या युद्धावरून साडेतीनशेच्या वर निगेटिव्ह घेऊन परतला आणि 1862 मध्ये कॅमेरे विकून पुन्हा वकिलीला लागला. म्हणजे ही अक्षरं नसतानाही फोटोग्राफर मोठा होतोच. मग फी भरून मिळतं काय?

मिळतं ते परखड परीक्षण. फियाप या आंतरराष्ट्रीय फोटोग्राफी महासंघाची पदवी सलोनांत, म्हणजे स्पर्धा-प्रदर्शनांत, किती फोटो स्वीकारले गेले, किती देशांत, यावर मिळते. तिथे सुटा फोटो जिंकतो. आरपीएस एकत्र मांडलेला संच, म्हणजे पॅनेल, बघते: एलसाठी 10 फोटो, एसाठी 15, एफसाठी 20 किंवा 21. ए आणि एफला सोबत संचामागचा हेतू सांगणारं दीडशे शब्दांच्या आतलं निवेदनही लागतं.

अर्ज घसरतात ते बहुतेक इथेच. सलोनमध्ये गाजलेले दहा फोटो एकत्र मांडले की पॅनेल होत नाही. एलमध्ये विविधता हवी, पण तीन सूर्यास्त आणि दोन खंड्या म्हणजे विविधता नव्हे. प्रकाश, अंतर, शटरचा वेग, विषय यांवरची पकड वेगवेगळ्या फोटोंतून दिसली पाहिजे. मांडणीचा आराखडाही परीक्षणाचा भाग आहे: कडेच्या फोटोंतली नजर आत वळलेली, गडद फोटो दोन्ही बाजूंना तोलून, मध्यभागी शांत फोटो. सगळे फोटो छोटे करून एकाच पडद्यावर ठेवा आणि दोन पावलं मागे जा. जो खटकतो तो काढून टाका, मग तो कितीही लाडका असो.

तांत्रिक चुका त्याच त्या: आकाशात राहिलेला सेन्सरवरच्या धुळीचा डाग, जादा शार्पनिंगमुळे कडेला उमटलेली पांढरी रेघ, उडालेले हायलाइट (तपशील हरवून पांढरेफटक झालेले उजळ भाग), एका फोटोत पिवळी झाक तर शेजारच्यात निळी. प्रिंट पाठवत असाल तर मॉनिटर कॅलिब्रेट करा, म्हणजे त्याचे रंग आणि उजेड अचूक जुळवून घ्या, आणि सगळ्या प्रिंटना एकच कागद वापरा. चकचकीत आणि मॅट एका पॅनेलात भांडतात.

एचं निवेदन हा वेगळाच घोळ. 'निसर्गाचं गूढ सौंदर्य टिपण्याचा प्रयत्न' असं लिहिलं की परीक्षकाच्या हाती काहीच लागत नाही. 'ओहोटीनंतर वाळूवर उरणाऱ्या पाण्याच्या रेघा, पहाटेच्या तिरप्या उजेडात' हे तपासता येतं. पण मग पंधरापैकी एकही फोटो दुपारचा चालत नाही. शब्द आधी घट्ट करा, निवड त्यांच्यावर घासून बघा.

या सेवेतला सगळ्यात दमदार भाग म्हणजे अर्जाआधीचा सल्ला. सल्लागार कुठला फोटो वगळायचा, कुठला कुठे सरकवायचा ते नेमकं सांगतो. निकाल मात्र त्याच्या हातात नसतो, हे धरून चाला.

खटकणारी गोष्ट एक: सदस्यत्व सोडलं की अक्षरं लावता येत नाहीत, म्हणजे खर्च दरवर्षीचा. पोटापाण्याच्या कामासाठी ही अक्षरं हवी असतील तर पैसे जपा. गिऱ्हाईक पोर्टफोलिओ बघतं. एलचा अनुभव नसेल तरी थेट एसाठी अर्ज करता येतो, पण दहांचं पॅनेल लावून न पाहता पंधरांत उडी घेणं महागात पडतं.