१५० क्युसेकचा हिशेब : यूटाच्या पाच राष्ट्रीय उद्यानांतील सेवेचा अनुभव

नाशिककराला क्युसेक हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पावसाळ्यात गंगापूर धरणातून गोदावरीत किती विसर्ग सुरू आहे, हे इथे घराघरांत विचारले जाते आणि रामकुंडावरील दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले की कमरेला, यावरून पुराची पातळी सांगण्याची रीत जुनी आहे. त्यामुळे अमेरिकेतील यूटा राज्यातल्या झायन राष्ट्रीय उद्यानाच्या माहिती केंद्रात ‘नदीचा प्रवाह : ६० घनफूट प्रतिसेकंद’ अशी, म्हणजे ६० क्युसेकची, नोंद वाचली, तेव्हा मला आणि माझ्या पतींना ती ओळखीची वाटली आणि हजारोंचे आकडे ऐकण्याची सवय असल्यामुळे अगदी किरकोळही वाटली. ती किरकोळ का नाही, हे तिथल्या खिडकीतील रेंजरबाईंनी आम्हाला ज्या पद्धतीने समजावले, त्यामुळे हे परीक्षण लिहावेसे वाटले.

सप्टेंबरात आम्ही दोघे लास व्हेगासहून भाड्याची मोटार घेऊन निघालो आणि दहा दिवसांत झायन, ब्राइस कॅन्यन, कॅपिटल रीफ, आर्चेस व कॅन्यनलँड्स ही पाच उद्याने पायी फिरलो. दोघांनीही पन्नाशी ओलांडली आहे. अंजनेरी, हरिहर, साल्हेर या वाटा पायांखालच्या आहेत आणि सांदण ही कातळातली अरुंद दरी दोनदा उतरून झाली आहे. तिथल्या तांबड्या कड्यांची वर्णने आणि छायाचित्रे पुष्कळ मिळतात, म्हणून ती मी इथे पुन्हा देत नाही. ही उद्याने चालवणारी नॅशनल पार्क सर्व्हिस, म्हणजे १९१६ मध्ये स्थापन झालेली अमेरिकी सरकारची यंत्रणा, पायी हिंडणाऱ्या पाहुण्याला प्रत्यक्षात काय देते, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आधी नियोजनाविषयी, कारण आमची पहिली चूक तिथेच झाली. नाशिकमधील एका सहल सल्लागाराने आम्हाला पाच उद्यानांसाठी पाच दिवसांचा कार्यक्रम आखून दिला होता आणि त्यात झायनमधील ‘द नॅरोज’ ही नदीच्या पात्रातून चालण्याची वाट दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ठरवून टाकली होती. आम्ही दिवस दुप्पट केले आणि झायनमध्ये एक रिकामा दिवस ठेवला. तो ठेवला नसता, तर या प्रवासातली सर्वांत चांगली वाट आम्हाला चालता आली नसती, किंवा चालू नये त्या दिवशी चालण्याचा मोह झाला असता.

प्रवेशशुल्काच्या बाबतीत परिस्थिती आता बदलली आहे आणि भारतातून जाणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. आम्ही गेलो तेव्हा वर्षभराचा पास ८० डॉलरला मिळत होता. पाचही उद्यानांचे मोटारीमागचे सुटे शुल्क १५० डॉलर होत असल्यामुळे पास घेणे उघडच फायद्याचे होते. १ जानेवारी २०२६ पासून परदेशी नागरिकांसाठी हाच पास २५० डॉलरचा झाला आहे. पास न घेतल्यास झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यनसह ११ उद्यानांत सोळा वर्षांवरील प्रत्येक परदेशी व्यक्तीला नेहमीच्या शुल्कावर १०० डॉलर जादा मोजावे लागतात. म्हणजे झायन आणि ब्राइस ही दोनच उद्याने पाहणाऱ्या जोडप्यालाही पासच स्वस्त पडतो. रक्कम मोठी आहे आणि पहिल्यांदा आकडा ऐकून आमच्या ट्रेकच्या मंडळींपैकी काहींनी बेत रद्द केला, हेही सांगितले पाहिजे. मला मात्र दहा दिवसांत मिळालेली सेवा पाहता तो खर्च पटतो.

झायनची बस हे त्या सेवेचे पहिले दर्शन. २००० सालापासून वर्षाच्या बहुतेक काळात मुख्य घळीच्या रस्त्यावर खासगी गाड्यांना मज्जाव आहे आणि त्याऐवजी नऊ थांब्यांची मोफत बस धावते. सकाळी नऊच्या सुमारास वाहनतळ भरून जातो, म्हणून आम्ही गाडी स्प्रिंगडेल गावात मुक्कामाच्या जागीच ठेवली आणि गावातल्या मोफत बसने प्रवेशद्वारापर्यंत गेलो. घळीत हॉर्न नाही, रस्त्याकडेला गाड्यांची रांग नाही. बसमधून उतरल्यावर नदीचा आवाज ऐकू येतो. पावसाळी रविवारी पहिने किंवा हरिहरच्या रस्त्यावर गाड्यांच्या कोंडीत तासन् तास अडकलेल्या कोणालाही या शांततेचे मोल वेगळे सांगायला नको.

आता त्या खिडकीविषयी. माहिती केंद्राबाहेरील फलकावर रोज सकाळी त्या दिवसाची माहिती लावलेली असते : तापमान, सूर्यास्ताची वेळ, नदीचा प्रवाह आणि अचानक लोंढा येण्याची शक्यता. ही शक्यता चार पायऱ्यांत सांगतात : ‘अपेक्षित नाही’, ‘शक्य’, ‘संभाव्य’ आणि ‘अपेक्षित’. आमच्या ठरलेल्या दिवशी तिथे ‘संभाव्य’ असे होते. आकाश निरभ्र होते, प्रवाह जेमतेम ६० क्युसेक होता आणि आमच्या हातांत आदल्या संध्याकाळी भाड्याने आणलेले पाण्यातले बूट, निओप्रिनचे मोजे आणि लाकडी काठ्या होत्या.

माझ्या पतींनी रेंजरबाईंना विचारले की एवढ्या पाण्यात भीती कसली. त्यांनी घाई न करता व्हर्जिन नदीच्या पाणलोट क्षेत्राचा नकाशा समोर पसरला आणि बोटाने वरचे पठार दाखवले. पाऊस पडतो तो तिथे, कित्येक मैल दूर. घळीत उभ्या असलेल्या माणसाला त्याचा ढगही दिसत नाही. उघड्या कातळावर माती आणि झाडोरा नसल्यामुळे पाणी मुरत नाही, ते थेट वाहते आणि काही ठिकाणी २०-३० फूटच रुंद असलेल्या, दोन्ही बाजूंना हजार फुटांच्या भिंती असलेल्या पात्रात शिरते. नदीचा प्रवाह १५० क्युसेकच्या वर गेला की ही वाट बंदच करतात. आपल्या रुंद गोदावरीत १५० क्युसेकची कोणी दखलही घेणार नाही. तेच पाणी तेवढ्या फटीत आले की पायाखालचा दगड सोडवते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी याच उद्यानातील कीहोल नावाच्या अरुंद घळीत उतरलेल्या सात जणांचा अशाच लोंढ्याने बळी घेतला होता.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते पुढचे. ‘जाऊ नका’ असे त्या म्हणाल्या नाहीत. लोंढ्याचा प्रत्यक्ष इशारा जारी होईपर्यंत वाट खुली असते आणि निर्णय तुमचा आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पाणी एकाएकी गढूळ होणे, काटक्या वाहत येणे, पाण्याचा आवाज वाढणे ही चिन्हे दिसताच उंचावर जायचे, हेही सांगितले. पूर्ण माहिती देऊन निर्णय आमच्यावर सोपवला गेला, आणि त्यामुळे तो घेताना टाळाटाळ करायला जागा उरली नाही. खिडकीपासून बाजूला येऊन मी एवढेच म्हटले, “अहो, आभाळ भरून आले असते तर आपण सांदणमध्ये उतरलो असतो का?” त्यांनी काठी खाली ठेवली.

त्या दिवशी आम्ही शेवटच्या थांब्यापासून नदीकाठाने जाणारी मैलभराची सोपी वाट चाललो आणि जिथे पायवाट संपून पाणी सुरू होते, तिथल्या दगडांवर बसून डबा खाल्ला. लोंढा आला नाही. संध्याकाळी यजमान थोडे खट्टू होते आणि ते स्वाभाविक होते. पण अंदाज खोटा ठरला असे मी मानत नाही, कारण ‘संभाव्य’ म्हणजे ‘नक्की’ नव्हे, हे आम्हाला सकाळीच नीट समजावले होते.

दुसऱ्या दिवशी फलकावर ‘अपेक्षित नाही’ होते आणि आम्ही पाण्यात उतरलो. सांदण दरीत आपण कोरड्या धोंड्यांवरून उतरतो. इथे नदीच वाट आहे आणि तळाचे गोटे दिसत नसल्यामुळे प्रत्येक पाऊल आधी काठीने चाचपावे लागते. आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, थराथरांनी रचलेला आणि काळा. झायनच्या भिंती त्याहून कितीतरी जुन्या, वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्या दगड झालेल्या, आणि त्या वाळूवरून फिरलेल्या वाऱ्याच्या तिरप्या रेषा अजून त्यांच्या अंगावर दिसतात. ऑर्डरविल घळीच्या संगमापर्यंत जाऊन आम्ही परतलो. पाणी कमरेपर्यंत आले, त्याहून वर नाही. २०२० पासून या नदीत विषारी सायनोबॅक्टेरिया आढळत असल्यामुळे ते पाणी पिऊ नये व डोके बुडवू नये, अशी सूचना वाटेच्या सुरुवातीलाच आहे आणि सहलीतल्या गाळण्यांवर त्या बाबतीत भरवसा ठेवता येत नाही. पिण्याचे सगळे पाणी पाठीवरच न्यावे लागते.

ब्राइसविषयी थोडक्यात सांगते. ही खरे तर घळ नसून पठाराची झिजलेली कड आहे आणि वर्षातल्या दीडशेहून अधिक दिवशी भेगांतले पाणी गोठून पुन्हा वितळत असल्यामुळे तिचे हजारो सुळके झाले आहेत. गडावर आपण आधी चढतो आणि दमलेल्या पायांनी उतरतो. इथे आधी उतरायचे आणि परतीचा चढ शेवटी, तोही कळसूबाईच्या माथ्याहून अडीच हजार फूट जास्त उंचीवर. वाटेच्या तोंडाशी ही सूचना ठळक लिहिलेली आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. कॅपिटल रीफमध्ये मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या वसाहतकऱ्यांनी लावलेल्या फळबागा उद्यानाने जपल्या आहेत. तोडणी सुरू असलेल्या बागेत बसून फळे खाण्याचे पैसे नाहीत, बरोबर न्यायची असतील तर वजन करून पैसे ठेवायचे. द्राक्षांच्या जिल्ह्यातून गेलेल्या आम्हाला झाडाखाली बसून खाल्लेल्या त्या सफरचंदांचे फार अप्रूप वाटले.

आर्चेसमध्ये आम्ही गेलो त्या वर्षी प्रवेशाची वेळ आधी राखून ठेवावी लागत असे. नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा निघण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर पाहावे. डेलिकेट आर्चची जाऊन-येऊन तीन मैलांची वाट बरीचशी उघड्या कातळावरून जाते, सावली जवळजवळ नाही, आणि माणशी किमान दोन लिटर पाणी न्या असे उद्यान सांगते. आम्ही तीन-तीन लिटर नेले आणि दोघांनीही ते संपवले. लँडस्केप आर्च ही तीनशे फुटांच्या आसपास लांबीची कमान १९९१ मध्ये अंशतः ढासळली, तेव्हापासून तिच्याखालची वाट बंद आहे. कुंपण साधे आहे, पण ते ओलांडताना कोणी दिसले नाही. वाटेबाहेरच्या काळपट, खरबरीत मातीच्या थरावर पाय ठेवू नका, असे आर्चेस आणि कॅन्यनलँड्स या दोन्ही उद्यानांत जागोजागी सांगितले आहे. तो थर सूक्ष्मजीव, शेवाळे आणि दगडफुलांनी बनलेला, जिवंत असतो. वाळू धरून ठेवतो आणि एका पावलाने मोडला तर भरून यायला वर्षानुवर्षे लागतात. ही गोष्ट कळल्यावर छायाचित्रासाठी वाट सोडण्याची इच्छाच राहिली नाही. कॅन्यनलँड्सच्या ‘आयलंड इन द स्काय’ भागात माहिती केंद्राखेरीज कुठेही पाणी मिळत नाही, म्हणून गाडीत भरलेला कॅन ठेवावा.

गाडीबाबत एकच तक्रार आहे आणि तिचा उद्यानांशी संबंध नाही. भाड्याची मोटार देणाऱ्या कंपनीने काउंटरवर आम्ही आधीच घेतलेला विमा पुन्हा घ्यायला लावला आणि ते पैसे परत मिळवायला सहा आठवडे गेले. कागदपत्रांची छापील प्रत हातात ठेवा. यूटात काही महामार्गांवर ताशी ८० मैलांची मर्यादा आहे आणि ग्रीन रिव्हर ते सलायना या शंभराहून अधिक मैलांच्या टप्प्यात एकही पेट्रोल पंप नाही.

आम्ही पुन्हा गेलो, तर स्प्रिंगडेलमध्ये तीनऐवजी चार रात्री राहू आणि भाड्याचे बूट आदल्या संध्याकाळी न आणता, सकाळी फलक वाचून झाल्यावरच आणू.