देवबागच्या पट्टीवर काय टिकेल: दगडी बंधारा, जिओट्यूब की वाळू?

मालवण तालुक्यातले देवबाग हे बेट नव्हे. पण एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधे वाळूची अरुंद पट्टी, अशी त्याची ठेवण आहे. त्यामुळे वादळापुढे ते वाळूच्या बेटासारखेच वागते. अशा जागी धूप रोखायला निघालेल्यांनी आधी एक गोष्ट ठरवावी: घर वाचवायचे आहे की पुळण, म्हणजे किनाऱ्याचा वाळूचा पट्टा? एकाच उपायाने दोन्ही वाचणे विरळा.

दुसरी गोष्ट, निर्णय जुलैत घेऊ नये. पावसाळी लाटा पुळणीची वाळू ओढून समोरच्या उथळ पाण्यात नेतात आणि ऑक्टोबर ते मे या काळात तीच वाळू हळूहळू परत येते. जुलैत घाबरून आखलेली बंधाऱ्याची रेषा अनेकदा या येण्याजाण्याच्या वाटेतच पडते. पक्क्या खुणेपासून मेअखेर आणि सप्टेंबरात पुळणीची रुंदी मोजावी, किमान तीन वर्षे. सप्टेंबरचा आकडा वर्षागणिक घटत असेल तर ती खरी धूप. चक्रीवादळाचा हिशेबही यातच येतो: तौक्ते 2021च्या मे महिन्यात आले तेव्हा पुळण भरलेली असण्याचे दिवस होते, तशाच ताकदीचे वादळ ऑक्टोबरच्या सुरुवातीला आले तर समोर वाळूच कमी असते.

दगडी धूपप्रतिबंधक बंधारा

घर अगदी काठावर आले असेल तर खात्रीचा उपाय हाच, पण नीट बांधला तरच. उतार 1:2, म्हणजे एक मीटर उंचीला दोन मीटर आडवा. तळाला जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे पण वाळू अडवणारे कापड), त्यावर वरच्या दगडाच्या साधारण दहाव्या हिश्श्याच्या वजनाचा गाळणीचा थर, त्यावर मोठ्या दगडांचे दोन थर. गाळणीचा थर वगळला की दगडांच्या फटींतून मागची वाळू निसटते आणि बंधारा न फुटताच खाली बसतो.

दगडाचे वजन लाटेच्या उंचीच्या घनाप्रमाणे वाढते. 2 मीटरच्या लाटेला काळ्या दगडाचा सुमारे 1.3 टनाचा धोंडा लागतो, 3 मीटरच्या लाटेला साडेचार टनांचा. जवळ मिळतो म्हणून जांभा वापरायचा मोह होतो. त्याची घनता पाण्याच्या 2.1 पट धरली तर 2 मीटरच्या लाटेलाच साडेतीन टनांचा दगड हवा, आणि तो झिजतो तो वेगळाच. पायथा निदान लाटेच्या उंचीइतका खोल गाडावा, कारण बंधाऱ्यासमोर वाळू साधारण तेवढी खरवडली जाते.

त्याचे दोन तोटे टळत नाहीत. बंधारा संपतो तिथे शेजाऱ्याची जमीन अधिक वेगाने जाते. म्हणून टोक मागे वळवून जमिनीत घ्यावे. आणि पुळण आकसते. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढायला, होड्या लावायला जागा उरत नाही. हे मच्छीमारांना आराखड्याच्या वेळीच सांगितले पाहिजे, उद्घाटनाच्या दिवशी नव्हे.

जिओट्यूब

वाळू भरलेल्या कापडी नळ्या. काम झटपट होते, मोठा दगड वाहून आणावा लागत नाही. पण उघड्या ठेवल्या तर ऊन कापड कुजवते, आणि होडीच्या फळीने किंवा नांगराने एक चीर पडली की अख्खी नळी रिकामी होते. ओडिशातल्या पेंठा येथे 505 मीटर लांबीत नळ्या वापरल्या, त्यावर दगड भरलेल्या जाळीच्या पेट्या बसवल्या. आंध्रातल्या उप्पाड्याची जिओट्यूबची भिंत मात्र नंतरच्या वादळांत खचली. नळी बंधाऱ्याच्या गाभ्यात ठेवावी, अंगावर लाट घ्यायला लावू नये.

वाळूची भर आणि टेकाडे

पर्यटन आणि रापण दोन्ही जगवणारा हा उपाय आहे, मात्र त्याचे आकडे डोळे उघडतात. पुळणीच्या माथ्यापासून लाटांनी हलणाऱ्या तळापर्यंत 8 मीटर उंची धरली, तर एक किलोमीटर किनारा 30 मीटरने रुंद करायला 2,40,000 घनमीटर, म्हणजे जवळपास 85,000 ब्रास वाळू लागते. आणि काही वर्षांनी पुन्हा. वाळू मूळच्या इतकी किंवा तिच्याहून भरड हवी. खाडीतला गाळ पहिल्या उधाणाला धुऊन जातो. नदीमुखापुढची वाळूची भाटी उपसण्याचा विचार सोडावा, कारण तीच लाटा आधी फोडते.

टेकाडे मात्र स्वस्तात वाढतात: मीटरभर उंचीची, निम्मी उघडी निम्मी बंद झावळ्यांची कुंपणे उभी करावीत. वाळू अडली की पावसाच्या सुरुवातीला मर्यादवेलीचे दोन-तीन पेरे पुरले जातील असे तुकडे लावावेत, पावसाळी लाटेच्या रेषेच्या आत. सुरूची रांग लावून काम झाले असे समजू नये. तिच्या सावलीत वाळू धरणारी वेल तग धरत नाही.

मग निवड कशाची?

सप्टेंबरातही उधाणाच्या भरतीला 20 मीटर कोरडी पुळण उरत असेल तर टेकाडे पुरेत. त्याहून कमी आणि मागे घरे असतील तर बंधारा, पण वाळूखाली गाडलेला. न्यू जर्सीतल्या बे हेड गावात 1882 सालची 1,260 मीटर लांबीची दगडी भिंत वाळूखाली जवळजवळ विसरली गेली होती. 2012च्या सँडी वादळात तिथे समुद्रासमोरचे एकच घर उद्ध्वस्त झाले. शेजारच्या मँटोलोकिंगमध्ये फक्त टेकाडे होती आणि समुद्रासमोरची निम्म्याहून अधिक घरे मोडली किंवा नासली.

समुद्राची बाजू बांधली तरी नदीची बाजू उरतेच. टेक्सासच्या गॅल्व्हस्टन बेटाने 1900च्या प्रलयानंतर 17 फुटी भिंत उभारली. 2008च्या आयक वादळात पाणी मागच्या उपसागराकडून शहरात शिरले. देवबागला तो धोका कर्लीचा पूर आणि उधाण एकत्र येण्याचा. त्या काठाला कांदळवन राखावे, नव्या घराचे जोते उंच घ्यावे, आणि बंधाऱ्यात पावसाचे पाणी समुद्रात सोडणारी पण समुद्राचे आत न घेणारी झडपेची मोरी आराखड्यातच मागून घ्यावी.