४० मिमी सस्पेन्शन लिफ्ट: काही महिन्यांच्या वापरानंतर

माझी एसयूव्ही मोनोकॉक बांधणीची (बॉडीखाली वेगळी चौकट नसलेली) असून तिला ऑल-व्हील-ड्राइव्ह आणि चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे. कच्च्या रस्त्यावर दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्याला तिचे पोट लागत असे आणि सामान भरले की मागची बाजू आणखी बसत असे. म्हणून पुढे-मागे सुमारे ४० मिमी उंची देणाऱ्या थोड्या कडक स्प्रिंगा व त्यांना जुळणारे लांब शॉकअब्सॉर्बर असा संच बसवून घेतला. नुसते स्पेसर (मूळ स्प्रिंगसोबत बसवायचे जाड तुकडे) स्वस्त पडतात आणि मूळ स्प्रिंगचा मऊपणा टिकवतात. मात्र वजनाखाली गाडी पूर्वीइतकीच बसते, त्यामुळे माझी निम्मी तक्रार त्यांनी सुटली नसती.

पोट घासणे आता जवळपास थांबले आहे. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत डिफरन्शियल (दोन्ही बाजूंच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) सबफ्रेमला, म्हणजे बॉडीखालच्या छोट्या चौकटीला, बसवलेला असल्याने लिफ्टबरोबर तोही वर जातो. सलग एक्सलच्या (दोन्ही बाजूंची चाके एकाच कडक दांड्यावर असलेल्या) गाडीत तो चाकांच्या पातळीलाच राहतो आणि तिथे मोठ्या टायरशिवाय त्याच्याखालची जागा वाढत नाही. अर्थात कंट्रोल आर्मची (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या हलत्या दांड्यांची) चाकाकडची टोके माझ्याही गाडीत होती तिथेच आहेत, त्यामुळे मोठा दगड चाकाच्या आतल्या बाजूने जाऊ देताना पूर्वीइतकेच जपावे लागते.

बसवण्याच्या कामात सर्वांत महत्त्वाची गोष्ट बाहेरून दिसत नाही. कंट्रोल आर्मचे रबरी बुश (सांध्यातले रबरी अस्तर) असलेले बोल्ट गाडी वर्कशॉपच्या लिफ्टवर लटकलेली असतानाच पक्के आवळले, तर चाके जमिनीवर टेकताच प्रत्येक बुश कायमचा पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि लवकर फाटतो. म्हणून ते बोल्ट आधी सैल ठेवून, गाडी चाकांवर उभी केल्यानंतर टॉर्क रेंचने आवळावे लागतात. हे करून घ्यायला कारागिराच्या शेजारी उभे राहावे लागले तरी राहावे, असे माझे मत आहे. त्यानंतर अलाइनमेंट केली. पुढच्या चाकांचा वरचा भाग बाहेर कलला होता आणि मूळ स्ट्रटमध्ये (चाकाला धरणाऱ्या शॉकअब्सॉर्बरच्या खांबात) हा कल, म्हणजे कॅम्बर, बदलायची सोय नसल्याने वेगळे कॅम्बर बोल्ट घालावे लागले. स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणणे, हेडलाइटचा झोत खाली घेणे आणि पुढच्या कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन ही कामेही त्याच दिवशी झाली. नव्या स्प्रिंगा वापराने किंचित बसतात, म्हणून काही आठवड्यांनी अलाइनमेंट पुन्हा तपासली. टो (चाकांची तोंडे आत किंवा बाहेर वळलेली असण्याचे माप) थोडा हललेला होता.

रिकामी गाडी छोट्या खड्ड्यांवर पूर्वीपेक्षा कडक वाटते, भरलेली मात्र मूळ गाडीहून चांगली चालते. गुरुत्वमध्य वर गेल्याने वळणावर कलणे वाढले आहे. कडक स्प्रिंगांनी ते काहीसे सावरले असले तरी घाटात मी वेग कमी ठेवतो. महामार्गावर आडवा वारा जास्त जाणवतो आणि इंधनही थोडे अधिक लागते.

खरी किंमत ड्राइव्ह शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकांपर्यंत जाणारे फिरते दांडे) मोजतात. उंची वाढली की त्यांचा उतार वाढतो आणि आतल्या बाजूचे सांधे अधिक कोनात फिरतात. उभ्या जागेवरून जोरात निघताना गाडीचे नाक वर उचलले जाते, तेव्हा स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर येते. हलक्या पायाने निघाल्यास ती येत नाही. पुढचे चाक हवेत लोंबत असताना पाहिले, तर शाफ्टच्या आतल्या बाजूच्या सीव्ही जॉइंटच्या (कोनातही फिरू देणाऱ्या सांध्याच्या) रबरी बूटच्या, म्हणजे ग्रीस धरून ठेवणाऱ्या आवरणाच्या, वरच्या बाजूच्या घड्या ताणून जवळजवळ सपाट झालेल्या आणि खालच्या एकमेकींवर चेपलेल्या दिसतात. तिथेच रबर घासते. गाडी धुताना रिमच्या आतल्या बाजूला काळे ग्रीस उडाले आहे का, हे मी बोट फिरवून पाहतो. अजून बूट शाबूत आहेत. मात्र वळणावरचे कलणे रोखणाऱ्या अँटीरोल बारच्या जुन्या लिंक खडखडू लागल्या होत्या, त्या बदलाव्या लागल्या.

टायर मी मुद्दाम मूळ मापाचेच ठेवले. मोठ्या टायरने आणखी उंची मिळाली असती, पण स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर ते चाकाच्या कमानीतल्या अस्तराला लागले असते आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागला असता. माप कोणतेही घेतले, तरी ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये चारही टायरचा घेर सारखा लागतो. एकच नवा टायर घातल्यास चाकांच्या फिरण्यातला फरक पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या मधल्या कपलिंगला सतत सोसावा लागतो आणि ते तापते.

याच गाडीसाठी ७५ मिमीचे संच सुचवले जातात. सबफ्रेम आणि डिफरन्शियल खाली घेणारे तुकडे त्यांत नसतील, तर मी ते बसवणार नाही, कारण ४० मिमीवरच शाफ्टचा कोन थरथरीपर्यंत पोहोचला आहे.