एक स्टिअरिंग स्टॅबिलायझर की दोन?

पुढे सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकसंध आस) असलेल्या जड पिकअपला ३५ किंवा ३७ इंची टायर चढवले की कंपनीचा बारका स्टॅबिलायझर, म्हणजे स्टिअरिंगचे हादरे शोषणारा आडवा शॉक अ‍ॅब्सॉर्बर, अपुरा पडू लागतो. मग प्रश्न येतो: एकच दणकट घ्यायचा की जोडी?

माझं मत एकाच्या बाजूने आहे. बसवायला सोपा, वजन कमी, तेल गळालं तर बदलायचा एकच. फक्त गॅस भरलेला घेतलात तर एक खोड लक्षात ठेवा. दांडा हाताने दाबून सोडा, तो आपोआप बाहेर येतो. तोच रेटा गाडीवर स्टिअरिंगला सतत एका बाजूला ढकलतो आणि सरळ रस्त्यावरही गाडी किंचित ओढते. साध्या हायड्रॉलिकमध्ये हा त्रास नाही.

जोडीत दोन्ही दांडे समोरासमोर असल्याने हा रेटा आपसात फिटतो. खडकाळ वाटेवर चाक दगडावर आपटलं तरी स्टिअरिंगचा झटका अंगठ्यापर्यंत पोचत नाही. पण स्टिअरिंग जड होतं आणि वळणानंतर मध्यावर आळसाने येतं. रोज डांबरी रस्त्यावर चालवणाऱ्याला ते नकोसंच होईल.

आणि पुढचा अ‍ॅक्सल थडथडत असेल, तर आधी जुना स्टॅबिलायझर काढून ट्रॅक बारचे (अ‍ॅक्सलला आडवं सरकू न देणाऱ्या दांडीचे) बुश, चाक वळू देणारे बॉल जॉइंट आणि टाय रॉडची (दोन्ही चाकं एकत्र वळवणाऱ्या दांडीची) टोकं हलवून बघा. ढिला सांधा तसाच ठेवून जोडी बसवणं म्हणजे दुखण्यावर पांघरूण घालणं. थडथड काही दिवस दबते, सांधा मात्र झिजतच राहतो.