संकटकाळातील जनसंपर्क सेवा : पुण्यातील एका संस्थेचा अनुभव

पुण्यातील एका मध्यम आकाराच्या जनसंपर्क संस्थेची सेवा आमचा दुग्धजन्य पदार्थांचा उद्योग घेत आहे. प्रसिद्धिपत्रके काढणे, पत्रकारांशी संपर्क ठेवणे, समाजमाध्यमांवरील खाती सांभाळणे ही कामे ती नेटकेपणाने करते. पण तेवढे बहुतेक संस्था करतात. गेल्या उन्हाळ्यात आमच्या श्रीखंडाची एक बॅच आंबल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा तिने दिलेला सल्ला मात्र सविस्तर नोंदवण्याजोगा आहे.

शीतवाहनातील यंत्रणा रात्रीतून बंद पडली होती, हे तापमानाच्या नोंदींवरून लगेच स्पष्ट झाले होते. तरीही बैठकीत दोन सूचना पुढे आल्या: खुलाशात 'काही तांत्रिक कारणास्तव' एवढेच म्हणावे, आणि तक्रारींमागे स्पर्धकांचा हात असल्याचे पत्रकारांच्या कानावर घालावे. संस्थेच्या सल्लागार बाईंनी दुसरी सूचना तिथल्या तिथे फेटाळली. पहिलीवर बराच वाद झाला. अखेर त्यांनी मसुद्यातले ते तीन शब्द खोडून 'वाहतुकीत थंडावा राखला न गेल्याने' असे लिहिले, शेवटी ढकललेला बॅच क्रमांक पहिल्या ओळीत आणला आणि पाकीट फोडलेले असले तरी दुकानदार पैसे परत देईल, हे वाक्य त्याखालीच घातले. खाद्यपदार्थ परत मागवण्याबाबत २०१७ चे नियम आहेत, त्यानुसार प्रशासनाला कळवायचेच होते. पण ज्याच्या घरी ते पाकीट आहे त्यालाही आपणच आणि आधी सांगितले पाहिजे, हा त्यांचा आग्रह मला सर्वांत मोलाचा वाटला.

त्यांनी दाखलेही नेमके दिले. १९८२ मध्ये शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड मिसळल्याने सात जणांचा मृत्यू झाला, तेव्हा ते औषध विकणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनने लोकांना उघड इशारा देऊन सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. याउलट, दक्षिण आफ्रिकेत गुप्ता कुटुंबाच्या उद्योगासाठी वांशिक तेढ वाढवणारी मोहीम चालवल्याबद्दल बेल पॉटिंजर या लंडनच्या संस्थेला २०१७ मध्ये तिच्याच व्यावसायिक संघटनेने बाहेर काढले आणि ती संस्था लवकरच बुडाली. आमचा प्रसंग त्यापुढे फारच लहान होता, परंतु अशिलाची मागणी आणि लोकांचे हित यांत अंतर पडले की सल्लागाराने काय करावे, हा प्रश्न तोच होता.

करारातील दोन अटीही स्पष्ट आहेत: पैसे देऊन छापलेला मजकूर बातमी म्हणून द्यायचा नाही, आणि खोटे अभिप्राय लिहून घ्यायचे नाहीत. मानधन घेऊन केलेल्या पोस्टवर जाहिरात असल्याची खूण असलीच पाहिजे, हे आस्कीचे (जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियमन संस्थेचे) २०२१ पासूनचे बंधनही ही संस्था काटेकोरपणे पाळते. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर 'पेड न्यूज'वरून महाराष्ट्रात जे वादळ उठले ते आठवले, तर या अटींचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

उणिवा आहेत. त्या दिवशी इंग्रजी निवेदन दुपारीच तयार होते, मराठी मात्र संध्याकाळी हाती आले, आणि तेही भाषांतरित वाटणारे. आमचा बहुतांश ग्राहक सातारा-सांगलीकडचा असताना हे खटकले. तालुका पातळीवरच्या वार्ताहरांशी त्यांचा संबंध तोकडा आहे. मासिक शुल्कही छोट्या उद्योगाला जड जाईल असे आहे. आम्ही करार वाढवला, तो प्रत्येक निवेदन आधी मराठीत लिहिले जाईल या अटीवर.