कोकणातल्या दूरच्या नातलगांच्या भेटीला किनाऱ्याने जाताना: शिडाची बोट की जंगल जेटी?

मुंबईतल्या पुष्कळ कोकणी घरांत अशा नातलगांची एक यादी असते, ज्यांना लग्नाची पत्रिका नेमाने जाते, पण घरातले माणूस मात्र वर्षानुवर्षे जात नाही. मुरूडला आजीच्या मावसबहिणीचे घर असते, गुहागरला चुलत आजोबांचा वाडा असतो आणि विजयदुर्गाच्या खाडीवर वडिलांच्या आतेभावाचे बिऱ्हाड असते. मुंबईहून गोव्यापर्यंत किनाऱ्याने लांबचा प्रवास करायचा बेत ज्यांच्या मनात आहे, त्यांना ही घरे वाटेतच लागतात. प्रश्न असतो तो वाहनाचा. स्वतःच्या किंवा स्नेह्याच्या शिडाच्या बोटीने टप्प्याटप्प्याने जावे, की गाडी घेऊन भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने, म्हणजे गाड्या वाहणाऱ्या जहाजाने, मांडव्याला उतरावे आणि पुढे आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड अशा जंगल जेटींनी, म्हणजे माणसांबरोबर गाड्याही पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटींनी, एकेक खाडी ओलांडत दक्षिणेकडे सरकावे? माझे मत आधीच सांगतो. प्रवासाचा मुख्य हेतू समुद्र असेल तर बोटीला तोड नाही. मुख्य हेतू माणसे असतील तर जंगल जेटी घ्यावी.

मुंबई ते गोवा हे समुद्रमार्गे सुमारे 230 सागरी मैलांचे अंतर आहे. शिडाची मध्यम बोट ताशी पाच मैलांच्या आसपास चालते असे धरले, तर न थांबता जायलाही दोन दिवस आणि दोन रात्री लागतील. दिवसाउजेडीच चालायचे आणि संध्याकाळी नांगर टाकायचा असे ठरवले, तर मुक्काम धरून दहा-बारा दिवस सहज जातात. रात्री न चालणे हे मला शहाणपणाचे वाटते, कारण मासेमारीच्या हंगामात या किनाऱ्यावर डोल जाळ्यांचे (समुद्रात एका जागी रोवलेल्या जाळ्यांचे) खुंट आणि तरंगती जाळी जागोजागी असतात आणि ती अंधारात दिसत नाहीत. जंगल जेटीने एक खाडी दहा ते वीस मिनिटांत ओलांडून होते आणि तिच्यामुळे रस्त्याचा मोठा वळसा वाचतो. जयगडच्या पुढे बहुतेक खाड्यांवर पूल आहेत, त्यामुळे तोच प्रवास गाडीने तीन-चार दिवसांत आरामात होतो.

तथापि खरा फरक एकूण दिवसांत नाही, पोहोचण्याच्या वेळेत आहे. दूरच्या नात्यातल्या घरी पहिल्यांदा किंवा फार वर्षांनी जाणारा पाहुणा जेवायला येणार म्हटले, की त्या घरात सकाळपासून नारळ खवला जातो, मासळीवाल्याला निरोप जातो आणि पाहुणा आल्याशिवाय घरातली मोठी माणसे पानावर बसत नाहीत. गाडीने येणारा माणूस दाभोळच्या धक्क्यावरून फोन करून पुढची फेरी मिळाली एवढे सांगू शकतो. बोटीने येणाऱ्याला तसे सांगता येत नाही. पावसाळा सरल्यावरच्या उघाडीच्या दिवसांत सकाळी जमिनीकडून हलका मतलई वारा असतो, मध्ये काही वेळ तो पडतो आणि दुपारनंतर वायव्येचा वारा भरतो. तो किती वाजता भरेल हे कोणी सांगावे? त्यात खाडीच्या मुखावर पाणी किती आहे हे पाहूनच आत शिरता येते.

म्हणून बोटीने जायचेच असेल, तर घड्याळाची वेळ न देता तिथी आणि भरती सांगावी. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना ही भाषा पक्की कळते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की मुंबईतल्या पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. दक्षिणेकडच्या बंदरांत ती थोडी आधी लागते, त्यामुळे बोटीवर त्या त्या बंदराचे भरती-ओहोटीचे तक्ते हवेतच. पण निरोप द्यायला हा हिशेब पुरतो. ‘अष्टमीच्या संध्याकाळच्या भरतीला खाडीत शिरू, जेवायला थांबू नका, रात्री भेटू’ असे कळवले की त्या घरावर ताण येत नाही.

कोणते घर बोटीने गाठावे आणि कोणते गाठू नये, हे त्या खाडीवर ठरते. दिघीची राजपुरी खाडी खोल आहे आणि तिथे नांगराला आसरा मिळतो, त्यामुळे मुरूड किंवा श्रीवर्धनच्या बाजूच्या नातलगांकडे जायला बोट सोयीची. जयगडची खाडी आणि विजयदुर्गाची वाघोटण खाडी याही तशाच भरवशाच्या आहेत. विजयदुर्गाला मराठा आरमाराचे ठाणे होते ते उगीच नव्हे. बाणकोटला सावित्रीच्या मुखावर आणि दाभोळला वाशिष्ठीच्या मुखावर मात्र वाळू साचते. दुपारी ओहोटीचे पाणी बाहेर पडत असताना समोरून वायव्येच्या वाऱ्याने चढलेल्या लाटा आल्या, की त्या उथळ पट्टीवर लाटा उभ्या राहून फुटतात, आणि अशा वेळी नात्याच्या ओढीने आत घुसणे जिवावर बेतू शकते. तिथल्या नातलगांकडे जंगल जेटीनेच जावे. मालवणला सिंधुदुर्गाभोवती खडक पसरलेले आहेत. स्थानिक तांडेल (होडीचा जाणता नाखवा) सोबत असल्याशिवाय तिथे जाऊ नये, मग घरातून कितीही आग्रह होवो.

आणखी एक गोष्ट आहे, जी बेत आखताना बहुतेकांच्या लक्षात येत नाही आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. नांगरलेली बोट एकटी सोडता येत नाही. साधारण सहा तासांनी पाणी उलटते, तसे बोटीचे तोंड फिरते, नांगराला उलट बाजूने ओढ बसते आणि तो सुटला तर बोट खडकावर किंवा दुसऱ्याच्या होडीवर जाते. म्हणजे कोणीतरी एक जाणता माणूस कायम बोटीवर हवा, आणि बहुतेक वेळा तो माणूस म्हणजे ज्याचे नातलग आहेत तोच असतो. चुलत आजोबांच्या ओसरीवर सगळे बसलेले, वंशावळ निघालेली, जुना फोटो भिंतीवरून उतरवलेला, आणि ज्याला ते सारे दाखवायचे तो मात्र भरतीची वेळ पाहत उठण्याच्या तयारीत, अशी भेट अर्धीच राहते. बोटीवर किमान दोघे अनुभवी खलाशी नसतील, तर मुक्कामाची भेट बोटीच्या प्रवासात बसवू नये. गाडी अंगणात उभी करून दोन दिवस तिच्याकडे पाहिले नाही तरी चालते.

ऋतूचा विचार केला तर दोन्ही मार्गांची सोय वेगळ्या सणांना आहे. गणपतीत सारे कोकण घरी असते, पण तेव्हा समुद्र अजून पुरता शांत झालेला नसतो आणि छोट्या बोटीने बाहेर पडणे योग्य नाही. तेव्हा रस्ता किंवा रेल्वे. शिमग्याला मात्र समुद्र निवळलेला असतो, पालख्या घरोघरी फिरत असतात आणि एरवी मुंबईला असणारी भावंडेही गावी सापडतात. फाल्गुनी पौर्णिमेला उधाण असते आणि भरती दुपारच्या सुमारास लागते, त्यामुळे होळीच्या दिवशी खाडीत शिरायला भर उजेड आणि भरपूर पाणी दोन्ही मिळतात. बोटीसाठी वर्षातला हा काळ मी सर्वांत वर ठेवीन.

मुंबई–गोवा क्रूझचा पर्याय नातलगांच्या दृष्टीने विचारात घेण्यासारखा नाही, कारण मधल्या बंदरांत ती थांबत नाही.

जंगल जेटीच्या मार्गाचा दोष असा की सगळेच सोपे असल्यामुळे एका दिवसात चार घरे करण्याचा मोह होतो. चहाचा कप हातात धरून उभ्या उभ्या झालेल्या भेटीने दूरचे नाते जवळ येत नाही. समोरच्याला उलट वाटते की आपण यादीतले एक नाव होतो. दिवसाला एकच घर ठरवावे. शिवाय सुट्ट्यांत वाहनांची रांग लागते आणि रात्री उशिरा फेऱ्या बंद होतात, म्हणून शेवटच्या फेरीची वेळ आधी विचारून घ्यावी. घरातल्या वृद्धांना सोबत न्यायचे असेल तर हा एकच मार्ग उरतो. बोटीने गेले तर नांगरलेल्या बोटीतून छोट्या होडक्याने धक्क्याला यावे लागते; ओहोटीला धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, त्यांवर शेवाळ असते आणि हलत्या होडक्यातून त्यांवर पाय ठेवणे तरुणांनाही जड जाते. यजमानांपैकी कोणाला बोट पाहायची हौस असली, तर त्यांना पूर्ण भरतीलाच आणावे आणि होडक्यात बसवण्यापूर्वी लाइफ जॅकेट घालावे.

बोटीने जाणाऱ्यांनी नोंदणीची कागदपत्रे आणि प्रत्येकाचे ओळखपत्र जवळ ठेवावे, बंदरात पोहोचल्यावर बंदर कार्यालयाला आणि सागरी पोलिसांना कळवावे, व्हीएचएफवर (बोटीवरच्या रेडिओवर) 16 नंबरचे चॅनल चालू ठेवावे आणि तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक सर्वांना पाठ असावा. ज्या नातलगांकडे जायचे त्यांच्याकडेही बोटीचे नाव आणि पुढचा मुक्काम लिहून ठेवावा. किनाऱ्यावर आपली वाट पाहणारे माणूस असणे ही सुरक्षेच्या दृष्टीने फार मोठी जमेची बाजू आहे.

परतीचा विचार निघण्यापूर्वीच करावा लागतो. दक्षिणेला जाताना वायव्येचा वारा पाठीशी असतो, परतताना तोच तोंडावर येतो आणि दिवसाचा टप्पा निम्म्यावर येऊ शकतो. म्हणून सगळ्या भेटी जातानाच उरकाव्यात; ‘येताना नक्की येतो’ असे बोटीवरच्या माणसाने कोणालाही सांगू नये. ज्यांना दोन्ही हवे आहे, त्यांनी बोटीने जाताना फक्त दिघी, जयगड आणि विजयदुर्ग एवढीच बंदरे भेटींसाठी धरावीत, आणि बाणकोट-दाभोळकडच्या घरांसाठी पुढच्या एखाद्या मोकळ्या आठवड्यात गाडी काढून, आईवडिलांना सोबत घेऊन, वेगळे जावे.