लागाव्हुलिन की कॉल ईला? सहा सिंगल माल्ट, लेबल न बघता

आधीच सांगून टाकते, लागाव्हुलिन १६ ही स्कॉच व्हिस्की (नावापुढचा आकडा वयाच्या वर्षांचा) माझ्या पसंतीत पहिली नाही. आमच्या ग्रुपात असं बोलणं म्हणजे बसल्या जागी भांडण ओढवून घेणं. धुरकट व्हिस्कीचा इतका कट्टर भक्त आमच्यात आहे की त्याचं नावच 'बंब' पडलंय, आणि त्याच्या लेखी लागाव्हुलिनच्या वर काही नाही. दुसरं टोक म्हणजे काका. त्यांना धुराचं वावडं. शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपात मुरलेली असेल तरच ग्लास पुढे करणार. मी मधली. वाद काही मिटेना, तेव्हा ठरलं की लेबल न बघता प्यायचं. बाटल्या आतल्या खोलीत, ओतणारा न पिणारा, ग्लास सगळे एकाच आकाराचे, तेच वर निमुळते होत जाणारे ग्लेनकेर्न. सहा जणी निवडल्या, सगळ्या सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत (गाळण्याच्या कारखान्यात) मोड आणलेल्या बार्लीपासून केलेल्या: लागाव्हुलिन १६, कॉल ईला १२, आर्डबेग १०, टालिस्कर १०, स्प्रिंगबँक १० आणि ग्लेनफार्क्लस १५.

यात लाफ्रॉयग ही आणखी एक धुरकट व्हिस्की नाही म्हणून बंब सुरुवातीलाच फुगला. पण लाफ्रॉयग लपवणार कशी? आयोडीन, बँडेज, नुकतीच पुसलेली दवाखान्याची फरशी; ग्लास टेबलावर टेकायच्या आत नाव कळतं. आणि हा वास दुसरीकडे उचलून नेता येत नाही, हे एका खमक्या माणसाने स्वखर्चाने सिद्ध करून ठेवलंय. लागाव्हुलिनचा मालक पीटर मॅकी, त्याच्याकडे लाफ्रॉयगच्या विक्रीची एजन्सी होती. ती हातची गेल्यावर गडी असा पेटला की १९०८ मध्ये त्याने लागाव्हुलिनच्याच आवारात माल्ट मिल नावाची दुसरी डिस्टिलरी उभी केली, लाफ्रॉयगसारखी व्हिस्की गाळायला. बेट तेच, किनारा तोच, माणूसही तिकडचाच फोडून आणलेला. माल्ट मिल १९६२ पर्यंत चालली. लाफ्रॉयग काही झाली नाही.

आता लागाव्हुलिन आणि कॉल ईला. या दोघींवर मला जरा जास्त बोलायचंय, कारण 'किती पीपीएमची आहे?' (पीपीएम म्हणजे दर दहा लाख भागांत किती भाग, इथे धुराचं माप) हा प्रश्न विचारून हुशारी दाखवणाऱ्यांचा बंदोबस्त याच जोडीने होतो. दोघी स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या. दोघी ४३ टक्के अल्कोहोलच्या. दोघींची बार्ली पोर्ट एलनच्या एकाच माल्टिंग कारखान्यातून धूर खाऊन येते, आणि धुराचं मापही जवळपास सारखंच, ३५ पीपीएमच्या आसपास. तरी चवीत जमीन-अस्मानाचा फरक. कारण तो आकडा बार्लीचा असतो, बाटलीचा नव्हे. मोड आणलेली बार्ली वाळवताना खाली पीट, म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती, जाळतात, धुरातले फिनॉल (धुराचा वास देणारी रसायनं) दाण्याला चिकटतात, आणि ते मोजून पीपीएम सांगतात. पुढे आंबवताना आणि गाळताना त्यातले किती टिकतील हे भांड्यावर आणि भांडं चालवणाऱ्यावर.

कॉल ईलाची गाळायची तांब्याची भांडी मोठी, आणि ती पुरती भरत नाहीत. वाफेला वर चढायला ऐसपैस जागा, तांब्याशी भरपूर घसट, त्यामुळे जडपणा तिथेच मागे राहतो. लागाव्हुलिनची भांडी बुटकी, बुडाशी फुगीर, चांगली वरपर्यंत भरलेली, आणि वाफ नेणारी नळी तीव्र उताराची. शिवाय फिनॉल येतात ते धारेच्या शेवटाकडे. व्हिस्कीसाठी ठेवतात ती मधली धार; ती कुठे तोडायची यावर सगळा खेळ. थोडी उशिरा तोडली की राख, डांबर, चामडं, सगळं आत येतं.

ग्लासात ते लख्ख कळतं. कॉल ईलाचा धूर लांबून आल्यासारखा, वाऱ्यावर पातळ झालेला; त्याखाली लिंबाची साल, थोडं तेलकटपण, आणि शेवटी जिभेच्या कडांवर मीठ. लागाव्हुलिनचं उलट. नाकाशी नेली की आधी गोड काहीतरी, खारकेसारखं, मग मागून धूर येतो आणि येऊन बसतो. उठायचं नावच घेत नाही. बंबाने पहिला श्वास घेतला आणि म्हणाला, "अगं, ही तर लागाव्हुलिनच! झोपेतसुद्धा ओळखेन." बरोबर होतं. त्याच्या नाकाबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझी तक्रार मधल्या भागाबद्दल आहे. वास भारदस्त, घशाखाली उतरल्यावरचा मुक्काम लांबलचक, पण जिभेवर असतानाचे ते चार-पाच सेकंद पातळ वाटतात. वासाने जे कबूल केलं ते तोंडात पुरतं येत नाही. १२ वर्षांची कास्क स्ट्रेंग्थ, म्हणजे पाणी न घालता पिंपातून तशीच भरलेली, लागाव्हुलिन मी चाखलीय, तिथे ही तक्रार उरत नाही. म्हणजे दोष गाळण्यात नाही, पाणी घालण्यात आहे. कॉल ईलाला मात्र ४३ टक्के शोभतात. मुळात अंगानेच सडपातळ आहे ती.

काकांनी लागाव्हुलिनचा ग्लास उजेडात धरून "ही नक्की जुनी" असा निकाल दिला. रंगावर जाऊ नये, काका. स्कॉचमध्ये रंगासाठी साधा कॅरॅमल घालायची कायद्याने मुभा आहे. जर्मनीत मात्र तसं बाटलीवर छापावं लागतं, आणि तिकडच्या लागाव्हुलिनवर ते छापलेलं असतं. चवीला त्याने फारसा धक्का लागत नसेलही, पण डोळ्यांना ठकवतं हे खरं.

आर्डबेग १० ही कागदावर सगळ्यांत धुरकट, ५५ पीपीएमच्या घरात. पिताना तसं वाटत नाही, निदान पहिल्या घोटाला तरी. तिच्या दुसऱ्यांदा गाळायच्या भांड्याच्या नळीला प्युरिफायर जोडलेला आहे. जड वाफ तिथेच थंड होऊन परत भांड्यात पडते आणि हलकी तेवढी पुढे जाते. म्हणून इतक्या धुरातही ती स्वच्छ राहते. राखेत पिळलेलं लिंबू, असं मी वहीत लिहिलं होतं आणि अजून त्यात बदल करावासा वाटत नाही. ४६ टक्के, बाटलीत भरण्याआधी गार करून गाळणीतून काढलेली नाही, म्हणून पाणी घातलं की किंचित ढगाळते. ढगाळू दे. पाणी इथे घालाच, पण थेंबाथेंबाने. २०१७ मध्ये कार्लसन आणि फ्रीडमन या स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी संगणकावर दाखवलं की अल्कोहोल कमी केलं की ग्वायकॉल, म्हणजे धुराच्या वासातला एक मुख्य रेणू, द्रवाच्या पृष्ठभागाकडे सरकतो. नाकाला ते आधीच ठाऊक होतं. चार थेंबांनी आर्डबेग उमलते, आठ थेंबांनी आडवी होते. या डिस्टिलरीला १९८१ मध्ये कुलूप लागलं होतं, पुढे तुटक तुटक चालली, आणि १९९७ मध्ये ग्लेनमोरँजीने घेतल्यावर तिचे दिवस फिरले. आज तिचे भक्त जो उत्सव करतात तो पाहता हे कुणाला खरं वाटणार नाही.

टालिस्करबद्दल थोडक्यात, कारण तिच्यावर कुणाचं भांडण झालं नाही. स्काय बेटावरची, ४५.८ टक्के, शेवटी घशात काळी मिरी. १९६० मध्ये तिथे आग लागून भांडी गेली, तर नवी घडवताना हुबेहूब जुन्या मापांची घडवली. नळीचा बाकसुद्धा तसाच. हौशी नवा माणूस आला तर मी हीच पुढे करते. धूर किती झेपतो ते कळतं आणि कुणी पळून जात नाही.

आणि स्प्रिंगबँक. स्कॉटलंडमधलं कॅम्पबेलटाउन हे एकेकाळी तिसाच्या वर डिस्टिलऱ्यांचं गाव, आज तीन उरल्यात. स्प्रिंगबँक १८२८ पासूनची. बार्ली मोड यायला स्वतःच्या फरशीवर पसरतात, फावड्याने उलटतात, बाटलीही तिथेच भरतात. शिवाय ही व्हिस्की 'अडीच वेळा' गाळलेली. म्हणजे पहिल्यांदा गाळलेल्या मालाचा एक भाग बाजूला ठेवून बाकीचा आणखी एकदा गाळायचा, मग दोन्ही एकत्र करून शेवटचं गाळायचं. याच भांड्यांतून दोनदा गाळलेली, जास्त धुरकट ती लाँगरो, आणि तीनदा गाळलेली, बिनधुराची ती हेझलबर्न. एकाच छपराखाली तीन स्वभाव.

१० वर्षांच्या स्प्रिंगबँकमध्ये धूर आहे, पण तो पुढे पुढे करत नाही. पहिल्यांदा ओलं लोकर, यंत्राचं तेल, काहीतरी गंजकं. ऐकायला वाईट वाटतं, माहितीय. मग नासपती, मग मीठ, आणि सगळ्यात शेवटी मघाशी नव्हता तो धूर. प्रत्येक घोटाला क्रम बदलतो. ४६ टक्के, तोंड भरतं. काकांनी ग्लास रिकामा केला आणि म्हणाले, "यात शेरी आहे, बरं का." होतीच, बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या पिंपांबरोबर शेरीचीही वापरतात. मी विचारलं, "काका, धूर लागला का?" तर "कसला धूर?" बंबाने मात्र त्याच ग्लासात फक्त धूर शोधला आणि कमी सापडला म्हणून गुण कापले. मला हीच सगळ्यांत वर वाटली. बाटली उघडूनही सांगता येणार नाही अशी काही गोष्ट तिच्यात राहते, आणि व्हिस्कीकडून मला तेवढंच हवं असतं.

ग्लेनफार्क्लस १५ ही काकांची. ग्रँट घराण्याच्या हातात १८६५ पासून. भांडी अजून थेट गॅसच्या आचेवर. एकदा वाफेवर तापवून पाहिलं, स्पिरिटचं अंगच बदललं, तेव्हा मुकाट्याने पुन्हा आच लावली. मनुका, संत्र्याची साल, अक्रोडाचा तुरटपणा, रंग निव्वळ पिंपाचा. शेरीच्या पिंपांची एक गोम आहे: कधी कधी त्यात गंधक लागतं आणि व्हिस्कीला विझलेल्या काडीचा वास येतो. एका दुसऱ्या, बऱ्याच नावाजलेल्या बाटलीत मला तो इतका लागला की पुन्हा तिच्या वाटेला गेले नाही. या ग्लेनफार्क्लसमध्ये तो नव्हता. गोडाची मला फार ओढ नाही, तरी चोख माल आहे हे मान्य. धीट असाल तर हिचीच १०५ घ्या, ६० टक्क्यांची, आणि पाण्याचा जग जवळ ठेवा.

बंबाचा शेवटचा मुद्दा वयाचा होता. १६ म्हणजे १०च्या वर, संपलं. अहो, लेबलवरचं वय म्हणजे बाटलीतल्या सगळ्यांत कोवळ्या व्हिस्कीचं वय, आणि तेही हवेवर अवलंबून. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के उडून जातं. बंगळूरुच्या अमृत डिस्टिलरीकडे १० ते १२ टक्के. तिथे १६ वर्षं ठेवली तर पिंपात पाचवा हिस्साही उरायचा नाही. म्हणून त्यांच्या अमृत फ्यूजन या व्हिस्कीवर वय नाही. ५० टक्क्यांची, आपली बार्ली आणि स्कॉटलंडची धुरकट बार्ली वेगवेगळी मुरवून मग एकत्र केलेली, आणि या सहांपैकी किमान दोघींशेजारी मी तिला बिनदिक्कत बसवेन. कुठल्या दोघी ते बंबासमोर सांगत नाही.

उघडलेल्यांपैकी आर्डबेग आधी संपवायची असं ठरलंय. अर्ध्यावर आलेली बाटली महिनोन्महिने पडून राहिली की धूर सगळ्यांत आधी ओसरतो. ग्लेनफार्क्लसला घाई नाही. स्प्रिंगबँक उरलेलीच नाही.